धवल्यातलं आवताण

मुलं आईबापांना मोबाईल घेऊन देतात तो आईबापांनी फोन करावा म्हणून नाही, मुलांनी केलेला उचलावा म्हणून. हे माझं मत आहे आणि ते मी कुणाच्या भिडेखातर बदलणार नाही. टेमघरला देवळामागे एक सभागृह आहे. तिथे दुपारच्या वेळी मी म्हाताऱ्या माणसांना फोन वापरायला शिकवते. एकदा एका विद्यार्थिनीचा मुलगा मला भेटायला आला. चांगला शिकलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. म्हणाला, "मॅडम, आईला कशाला शिकवता? ती काहीतरी दाबून बसते आणि निस्तरावं आम्हाला लागतं." मी म्हटलं, "तिने तुझं काय काय निस्तरलंय ते घरी जाऊन विचार, मग ये." तो हसला. त्याला तो विनोद वाटला. पुढच्या आठवड्यापासून त्याची आई यायची बंद झाली.

मी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. इथल्या कापडवाल्या शेठ लोकांचे ट्रंक कॉल सुरतेला आणि इचलकरंजीला जोडून देण्यात माझं तरुणपण गेलं. मग बोर्ड गेला, कानावरचा हेडफोन गेला आणि आम्हाला तक्रारीच्या खिडकीवर बसवलं. शेवटी मुदतीच्या आधीच निवृत्ती देऊन घरी पाठवलं. यंत्राने माझं काम घेतलं याचा मला राग आहेच, पण म्हणून यंत्र शिकायला मी कधी नाक मुरडलं नाही. जे आपल्या घरात शिरलंय ते आपल्याला चालवता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. माझी स्वतःची मुलं परगावी असतात. रोज सकाळी ती मला फुलांचं चित्र पाठवतात. त्यांना मी काही शिकवायला जात नाही.

वर्गाचं उद्घाटन थाटात झालं होतं. नगरसेवक आले, त्यांनी फीत कापली, एका म्हाताऱ्याच्या हातात नवा फोन देऊन फोटो काढले आणि जाताना फोन परत घेऊन गेले. नंतर सभागृहाचा पंखा बंद पडला तेव्हा त्यांच्या कार्यालयात कुणी ओळख दाखवली नाही. पंखा मी दुरुस्त करून घेतला. माणसं मात्र येत राहिली. लूमवर जन्म काढलेले एक चाचा यायचे. सुताने त्यांची बोटं इतकी घासून गेली होती की काचेला त्यांचा स्पर्शच कळायचा नाही. बोट वर करून म्हणायचे, "मॅडम, ये उंगली अब किसी काम की नहीं." मी म्हटलं, करंगळीने दाबून बघा. करंगळी चालली. त्या दिवशी ते घरी जाताना वाटेतल्या प्रत्येकाला करंगळी दाखवत गेले असणार.

मावशी आली ती पावसाळा सरता सरता. ठेंगणी, सत्तरी केव्हाच ओलांडलेली, लुगड्याचा कासोटा घट्ट, हातात मुलाने वापरून टाकलेला फोन. त्या फोनची काच तडकलेली होती आणि आतमध्ये अजून मुलाच्या मित्रांच्या सहलींचे फोटो होते. मी तिला अहो-जाहो केलं तर चिडली. "मी काय सरकारी बाई हाय? मावशी बोल नि अगं बोल." मग खाली बसली आणि फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बाय, मना यो फोन शिकव. आथा आवताना याच्यानच येतान. मना दिसत न्हाय म्हनून मी जात न्हाय, नि लोकांना वाटतं धवलारीन माजली."

धवलारीण म्हणजे कोण हे आमच्या कारकुनी घरांना नीट ठाऊक नसतं, पिढ्यान् पिढ्या याच गावात काढूनसुद्धा. आगऱ्यांच्या लग्नात मांडव पडला की ती येते आणि गाऊन लग्न लावते. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. मांडवाला उंबराची डहाळी लागल्यापासून नवरीच्या अंगाला हळद लागेपर्यंत प्रत्येक गोष्ट ती गाईल तशी होते, भटजी नंतर. आमच्याकडे विधवेला मांडवात कुणी पुढे होऊ दिलं नसतं. त्यांच्याकडे धवलारीण विधवा असली तरी तिचा मान पहिला. तिला बोलवायला घरातलं माणूस पानसुपारी घेऊन जातं, फोन करत नाहीत. पण काळ बदलला तर आपणही बदलू, असं ठरवून मावशी पानसुपारीचा मान सोडून फोनवरचं आवताण, म्हणजे बोलावणं, घ्यायला तयार झाली होती. कामतघरहून टेमघरला ती रिक्षाने यायची, कधी पायी.

तिच्या मनात आणखीही काही होतं, ते मला पहिल्याच दुपारी कळलं. तुळशीचं लग्न झालं की तिच्या नातीचं लग्न होतं. धवल्यात एक आवताणाचा भाग असतो. आधी देव बोलवायचे, मग गावदेवी, आणि मग ज्या घरचं लग्न त्या घरची गेलेली माणसं. एकेकाचं नाव घेऊन म्हणायचं, या, मांडवात बसा, लेकराला हळद लावा. म्हणूनच एका घरचा धवला दुसऱ्या घरी चालत नाही. मावशी कुठल्याही लग्नाआधी त्या घरी जाऊन बसायची, कोण कोण गेलं ते विचारायची आणि सगळी नावं पाठ करायची. स्वतःच्या घरी मात्र ती कधी गायली नव्हती, मुलांच्या लग्नांत तिची सासू गायली होती. आता सासू नव्हती आणि नवराही नव्हता. नवरा लॉकडाऊनमध्ये गेला. दवाखान्यात नेला तो तिकडून परस्परच नेला. तोंड बघायला मिळालं नाही, देह अंगणात आला नाही.

नवऱ्याचं नाव तिने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला सांगायला लावायची. पण धवल्यात घेतलेलं नाव म्हणजे नाव घेणं नव्हे, ते बोलावणं, असं ती म्हणायची. "एकदा मांडवान उभी ऱ्हायली का त्याला नावानी हाक मारीन," तिने मला सांगितलं. "त्यो घरा आलाच न्हाय गो बाय. हाक मारल्याबिगर कसा येल?"

असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आताही सांगता येत नाही. पण तिचा होता आणि माझ्या वर्गात तेवढं पुरेसं होतं.

शिकायला ती फार हुशार निघाली. शाळा दुसरीपर्यंत, वाचायची ती अक्षराला अक्षर लावून. पण पाठांतर जबरदस्त. मी सांगितलेली प्रत्येक पायरी तिने धवल्याच्या चालीवर बसवली. हिरव्याला दाबा गो, वरती सरकवा गो, नाव दिसलं का थांबा गो. आठवड्याभरात सगळा वर्ग तिच्यामागे म्हणायला लागला. चाचासुद्धा म्हणायचे, करंगळी उंचावून. कुणी कुणाचा फोन चुकून बंद केला की सगळे मिळून चालीत ओरडायचे. त्या दुपारी मला आवडायच्या. माझ्या घरात इतकी माणसं एकदम हसल्याला बरीच वर्षं झाली होती.

व्हॉट्सअॅप उघडता यायला लागलं तशी ती लग्नाच्या पत्रिका शोधायला लागली. नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये पत्रिका खंडीभर. सगळ्या व्हिडिओच्या, गाणं वाजतंय, नवरानवरी समुद्रावर धावतायत. मावशी प्रत्येक पत्रिका शेवटपर्यंत बघायची आणि मला विचारायची, "यात धवलारनीचा नाव हाय का?" मी वाचून दाखवायची. साउंडवाल्याचं नाव होतं, फोटोवाल्याचं होतं, मेकअप करणारीचं होतं, केक करणाऱ्याचंही होतं. धवलारणीचं कुठेच नव्हतं. "मग धवला कोन बोलतं?" ती विचारायची. मला काय ठाऊक? मी म्हटलं, दुसरी कुणी असेल. ती म्हणाली, "दुसरी कंची? दोगी होत्या, त्या गेल्या. आथा मीच ऱ्हायलंय."

मग एका दुपारी मी बोलून शोधणं शिकवत होते. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांनी माइकचं चिन्ह दाबायचं आणि हवं ते बोलायचं. एका आजोबांनी भजन मागितलं, चाचांनी कव्वाली मागितली. मावशीला फोनशी बोलायची लाज वाटत होती. फोनला काय हाक मारायची, तो काय माणूस आहे? शेवटी तिने डोळे मिटले आणि बोलण्याऐवजी धवल्याची पहिली ओळ गायली. गायची तिला लाज नव्हती.

फोनने क्षणभर विचार केला आणि पडद्यावर तिचाच चेहरा आला. बाजूला समई, वरून फुलांच्या पाकळ्या पडतायत, खाली धडाधड बीट वाजतोय आणि त्यावर तिचा आवाज, मोकळा, पंधरा घरांवर ऐकू जाईल असा. वर्ग उठून टाळ्या वाजवायला लागला. चाचा म्हणाले, "अरे वाह, मौसी तो हिरोइन निकली!" मावशी हसली. पदर तोंडाला लावून खरंच लाजून हसली. मग आवताण सुरू झालं आणि तिचं हसणं थांबलं.

"यो तं गनेशपुरीच्या वाटंवरच्या घरचा हाय," ती म्हणाली. "यी त्यांची मानसा. यो त्यांचा आजा, यी चुलती, यो पोर तलावान बुडालेला." लॉकडाऊनच्या आधी त्या घरच्या लग्नात ती गायली होती. तिचा भाचा साउंडचा धंदा करतो. त्याने तिथे ते टिपून घेतलं असणार. व्हिडिओ त्याच्याच चॅनेलवर होता. बघणारे इतके होते की तो आकडा मला पहिल्या झटक्यात वाचता आला नाही.

खाली लोकांनी बरंच लिहिलं होतं. मावशीने मला वाचायला लावलं. आमच्याकडे हळदीला हाच लावला, एक नंबर. आमच्या भावाच्या लग्नात हाच. आता धवलारीण शोधायची कटकट नाही. आणि मध्ये मध्ये हात जोडलेली चित्रं, भावपूर्ण श्रद्धांजली आजी, अशी माणसं आता होणे नाही. समई बघून लोकांनी तिला मेलेली धरलं होतं. मी वाचायची थांबले. ती म्हणाली, "वाच, मना आयकाचा हाय." मी सगळं वाचलं. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खडखड चालू होती.

मला वाटलं ती चिडेल, आपल्याला विचारलं नाही म्हणून किंवा बोलावणी का बंद झाली ते कळलं म्हणून. ती चिडली नाही. ती घाबरली. "किती घरान लावला आसल यो! त्या घरची मानसा आवतानाबिगर ऱ्हायली. नि हे बिचारे," तिने फोनकडे बोट दाखवलं, "या मांडवातना त्या मांडवान, कुनाची वलख न्हाय, कुनाचा कोन न्हाय." साऱ्या तालुक्यात लोक आपल्या पोराबाळांच्या हळदीला दुसऱ्याच कुणाच्या मेलेल्या माणसांना बोलवत होते, आणि एकालाही ते ऐकू आलं नव्हतं.

तिला त्या व्हिडिओखाली लिहायचं होतं. मी तिला बोलून लिहायला शिकवलं. ती सावकाश, मोठ्याने बोलली, "यो धवला दुसऱ्याच्या घरचा हाय. तुमच्या घरान लावू नका. मी जिती हाय. बोलवा, मी येतंव." फोनने तिची भाषा मोडतोड करून लिहिली. मी दुरुस्त केली नाही, तिचे शब्द होते. बटण तिने स्वतः दाबलं. दुसऱ्या दुपारी आम्ही उघडून बघितलं. काही जणांनी बदाम पाठवले होते. एकाने लिहिलं होतं, आजींच्या नावाने खोटी खाती काढणाऱ्यांनो, लाज बाळगा. तिसऱ्या दिवशी तिचं लिहिलेलं तिथून गेलेलं होतं. भाच्याने काढलं. आम्ही रीतसर तक्रारही केली. त्या तक्रारीला यंत्राचं उत्तर आलं, इंग्रजीत, की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

भाच्याला मावशीने वर्गातूनच फोन लावला, स्वतः नंबर शोधून आणि आवाज मोठा करून, मी शिकवलं होतं तसा. भाचा चाळिशीतला, बोलायला गोड. म्हणाला, "आत्या, अगं तुझं नाव जगभर झालं. दुबईतून लोक फोन करतात. मी काय वाईट केलं?" ती म्हणाली, "नावा दुसऱ्याची हान त्याच्यान." तो म्हणाला, "नावं कोण ऐकतंय आत्या? खाली बीट असतो. आणि लॉकडाऊनमध्ये तुला घराबाहेर कोण सोडत होतं? तेव्हा लोकांच्या लग्नांचं मी निभावून नेलं." हे खोटं नव्हतं. त्या काळात चार माणसांत लग्नं लागत होती, धवलारणीला न्यायची सोय नव्हती, तेव्हा त्याने फोनवरून धवला लावून दिला होता. फक्त लॉकडाऊन संपला आणि सोय तशीच राहिली. "वाटलं तर नावं काढून टाकतो," तो म्हणाला, "नुसती चाल ठेवतो." मावशीने फोन बंद केला. कसा बंद करायचा तेही तिला आता येत होतं.

"नातीच्या लग्नान साउंड त्याचाच हाय," ती मला म्हणाली. त्या दिवशी तिने दुसरं काही शिकायला नकार दिला.

मग मी कामतघरला तिच्या घरी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझा स्वभावच तसा, दुसऱ्याच्या लग्नात पुढे होऊन बोलायचा. तिचा मुलगा घरीच होता. तळमजल्यावरचे भाड्याने दिलेले माग चालू होते, म्हणून आम्ही माडीवर बसलो. मी सरळ विषय काढला. तो म्हणाला, "आई गाणार म्हणजे काय, आईच गाणार ना! आवाज तर तिचाच आहे. तिला आता दम लागतो, उगाच तासभर उभं कशाला करायचं?" नात लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात नोकरीला आहे, ती फोनवर काहीतरी ठरवत होती. फोन बाजूला धरून म्हणाली, "काकी, इव्हेंटवाल्याने सगळं वेळेत बसवलंय हो. आजीचं कधी संपेल सांगता येत नाही." मग फोन पुढे करून तिने मला आजीचा फोटो दाखवला, तिनेच टाकलेला. खाली लिहिलं होतं, माझी आजी माझा अभिमान.

मावशी दाराशी बसून ऐकत होती. म्हणाली, "सगला नको. आवतान तेवडा बोलतंव. तुज्या बापाला बोलवाचा हाय." मुलाने मान खाली घातली. तो वाईट माणूस नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण वाईट असता तर मला त्याच्यावर रागावून मोकळं होता आलं असतं. बापाच्या वेळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर तोच दिवसरात्र उभा होता. "बघू आई," तो म्हणाला, "त्या दिवशी सांगतो साउंडवाल्याला." मी चहा पिऊन उठले.

त्यानंतर मावशी वर्गात यायची ती नावं पाठ करत. सासरे, दीर, लहानपणी गेलेली नणंद. नवऱ्याचं नाव ती मनात घ्यायची. तिथे आली की थांबायची, ओठ हलायचे आणि पुढच्या ओळीवर जायची. मी कधी विचारलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी मी वेळेआधी पोचले. घरासमोर गल्लीच्या रुंदीचा मांडव, त्याला थर्माकोलची कमान, कमानीवर नवरानवरीची नावं दिव्यांत. मागांना त्या दिवशी सुट्टी द्यायला लावली होती, त्यामुळे गल्ली ओळखू येत नव्हती. मावशीने हिरवं लुगडं नेसलं होतं. ती उंबराच्या डहाळीजवळ उभी होती, हात जोडून, तयार. मुलगा भाच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला. भाच्याने हाताने "हो हो" केलं, मग घड्याळाकडे बघितलं. फोटोवाला ओरडला की उजेड जातोय. इव्हेंटवाली मुलगी कानात बोलायचं यंत्र घालून फिरत होती, तिने बोटाने खूण केली. आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या खोक्यांतून मावशीचा आवाज सुरू झाला.

मावशीने भाच्याकडे बघितलं. तो फोनमध्ये बघत होता. मग तिने तोंड उघडलं आणि गायला लागली, खोक्यांतल्या आपल्याच आवाजावर, आपल्या घरचं. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. पुढच्या रांगेला आलं नसेल. थोडा वेळ दोन्ही आवाज बरोबर चालले, देवांची नावं दोन्हीकडे सारखीच होती. गावदेवीपाशी ते वेगळे झाले. भाच्याने माइकवरून सांगितलं, "आत्या, जरा थांब हां, रेकॉर्डिंगमध्ये तुझा आवाज मिक्स होतोय." लोक हसले. प्रेमानेच हसले. कुणीतरी तिला खुर्ची दिली आणि खांद्याला धरून बसवलं.

खोक्यांतून माणसांची नावं सुरू झाली. गणेशपुरीच्या वाटेवरच्या घरचा आजा आला, चुलती आली, तलावात बुडालेला मुलगा आला. खाली बीट होता. पोरीबाळी नाचायला लागल्या. नवरीच्या गालाला हळद लागली. मावशीने माझा हात धरला. "बाय, आयकतस? परक्या घरची मानसा येऊन बसली आमच्या मांडवान. नि आमचा भायेर उभा हाय."

मी म्हटलं, आता म्हण, मी आहे ना, इथेच म्हण, कुणी ऐकलं नाही तरी चालेल. मी ओरडूनच बोलले, त्या गोंगाटात दुसरा इलाज नव्हता. तिने मान हलवली. "जागा भरली," ती म्हणाली. मग खुर्चीवरून उठली आणि माणसांतून वाट काढत कमानीखालून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. रस्त्यावर लावलेल्या मोटारसायकलींच्या मध्ये ती उभी राहिली, मांडवाकडे तोंड करून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. मी आतून खुर्ची आणली. ती बसली नाही. म्हणाली, "त्यो उभा हाय."

थोड्या वेळाने नात आली, हळदीने माखलेली, लेहेंगा दोन्ही हातांनी उचलून. "आजी, ये ना गं, फॅमिली फोटो राहिलाय. सगळे थांबलेत." मावशी म्हणाली, "तुजा आजा आत येल तवा येन." नातीने माझ्याकडे बघितलं. मी तिला सांगू लागले, पण आतून तिला हाका आल्या. "आजीला बरं वाटत नाहीये," असं ओरडून सांगत ती परत गेली. फोटो काढला. मुलगा एकदा कमानीपर्यंत आला, आईकडे बघून तिथेच थांबला आणि कुणीतरी बोलावलं म्हणून वळला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी रस्त्यावर उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी नातीने तो फोटो स्टेटसला लावला. सगळं घर आहे त्यात, मावशी नाही. खाली लिहिलंय, मिस यू आजोबा. मागे मावशीचा धवला वाजतोय, नेमका आवताणाचा भाग. मी तो तिला दाखवला नाही. पण आता तिचा तिला उघडता येतो.